ख्रिस्ती सामाजिक चिंतन, महाराष्ट्रातील

ख्रिस्ती धर्मश्रद्धेच्या आधारे समकालीन घटनांचा, समाजरचनेचा आणि सामाजिक न्यायाच्या प्रश्नांचा मराठी भाषिक प्रदेशात झालेला विचार. हा विचार मुख्यतः नियतकालिके, निबंध, आत्मचरित्रे व प्रवचने यांतून आणि शाळा, अनाथालये, रुग्णालये, ग्रामविकास केंद्रे यांसारख्या संस्थांच्या कार्यातून व्यक्त झाला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सु. १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होती. इतक्या लहान समाजाने स्त्रीशिक्षण, अस्पृश्यता, दुष्काळ, राष्ट्रीय आंदोलन, ग्रामीण दारिद्र्य व पर्यावरण या विषयांवर केलेले लेखन मराठी विचारविश्वाचा एक दुर्लक्षित परंतु महत्त्वाचा भाग आहे. या चिंतनात प्रारंभापासून दोन प्रेरणा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात : एक धर्मप्रसाराची आणि दुसरी दुर्बलांना न्याय मिळवून देण्याची. कधी त्या परस्परपूरक ठरल्या, तर कधी त्यांच्यात विरोध निर्माण झाला. त्यांच्या संबंधांचा इतिहास हाच बव्हंशी या चिंतनाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : कोकण किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज अमदानीत आकारास आला. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत वसई, साष्टी व आसपासच्या प्रदेशात धर्मांतरे झाली. गोमंतकात फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. मराठी ओवीचा अंगीकार करणाऱ्या या ग्रंथाने ख्रिस्ती आशय देशी भाषेत मांडण्याची परंपरा सुरू केली. मात्र त्याचे प्रयोजन धर्मबोधाचे होते. समाजस्थितीची चिकित्सा हा त्याचा विषय नव्हता.

सामाजिक प्रश्नांकडे पाहणारे ख्रिस्ती लेखन एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांच्या आगमनानंतर सुरू झाले. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले आणि त्यांतून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे केंद्र स्थापन केले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन (१८०४–७५) १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी व त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी शिक्षणकार्य आरंभिले. त्यात मुलींच्या शाळांना महत्त्वाचे स्थान होते. सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिकेने मुंबईत व पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालविल्या. महात्मा जोतीराव फुले यांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते, तर फरार यांच्या अहमदनगर येथील शाळेचा आदर्श त्यांच्यासमोर होता. जात व लिंग यांचा भेद न करता शिक्षण देता येते, हे या शाळांनी प्रत्यक्ष दाखविले. पुढील सर्व वैचारिक वादांची ही भूमी होय.

ज्ञानोदय व नियतकालिकांतील वाद : जून १८४२ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केले. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक होत. दर्पण (१८३२) व प्रभाकर (१८४१) या पत्रांनंतर अल्पावधीत निघालेल्या या नियतकालिकात धर्मविषयक मजकुराबरोबरच भूगोल, ज्योतिष, शरीरशास्त्र, देशोदेशींच्या बातम्या आणि सामाजिक चालीरीतींवरील टीका येत असे. हिंदू धर्मावर त्यातून होणाऱ्या आघातांस उत्तर देण्यासाठी मोरभट दांडेकर यांनी १८४४ मध्ये उपदेशचंद्रिका काढली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा लहान भाऊ श्रीपती हा मिशनरींच्या सहवासात राहिल्यामुळे त्यास स्वजातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठे वादंग माजले. बाळशास्त्री जांभेकर यांनी शुद्धीच्या बाजूने पुढाकार घेतला. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. या संघर्षामुळे मराठी गद्यास युक्तिवादाचे वळण लागले आणि धर्माची कसोटी त्याच्या सामाजिक परिणामांवरून घ्यावी, हा विचार दोन्ही पक्षांत रुजू लागला.

ज्ञानोदयातील एका लेखाचे महत्त्व इतर सर्व वादांहून अधिक टिकाऊ ठरले. फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या सु. चौदा वर्षे वयाच्या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी व मार्चमधील अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. पेशवाईतील अत्याचार, शिक्षणबंदी, अस्पृश्य स्त्रियांचे हाल यांचे वर्णन करून, ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तीत लेखिकेने उपस्थित केला आहे. धर्मांतराचा उपदेश हा या निबंधाचा विषय नाही; आपल्या समाजाचे दुःख व त्यावरील शिक्षणाचा उपाय हा आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील स्त्रीने आपल्या स्थितीविषयी स्वतः लिहिलेला हा आधुनिक मराठीतील अगदी प्रारंभीचा लेख मानला जातो. मिशनच्या पत्राने त्यास जागा दिली, यात धर्मप्रसाराचा हेतू पाहता येईल. परंतु पत्राच्या हेतूपेक्षा निबंधाचा आशय मोठा आहे. दुसऱ्यांच्या दुःखाविषयी बोलणाऱ्या पत्रात दुःख भोगणाऱ्याचा स्वतःचा आवाज उमटणे, ही ख्रिस्ती सामाजिक चिंतनाच्या इतिहासातील निर्णायक घटना म्हणावी लागेल.

बाबा पदमनजी आणि स्त्रीप्रश्न : बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे धर्मांतरित मराठी विचारवंतांच्या पहिल्या पिढीचे प्रतिनिधी होत. बेळगाव येथे जन्मलेल्या पदमनजींचा काही काळ परमहंस सभेशी संबंध होता. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची यमुनापर्यटन (१८५७) ही मराठीतील पहिली कादंबरी समजली जाते. विधवांचे केशवपन, उपेक्षा, सक्तीचे वैधव्य व त्यातून ओढवणारी संकटे यांचे चित्रण तीत प्रवासाच्या निमित्ताने आले आहे. कथानक सैल असले, तरी सामाजिक अन्यायाचा तपशील गोळा करण्याची वार्ताहरासारखी दृष्टी हे तिचे वैशिष्ट्य होय. अरुणोदय या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मतांतराचा क्रम सांगितला आहे. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये, यासाठी १८५० मध्ये कायदा झालेला असला, तरी कुटुंब व जात यांपासून तुटण्याचे दुःख कायद्याने दूर होण्यासारखे नव्हते. या पिढीच्या लेखनात सुधारणेचा उत्साह व एकाकीपणाची जाणीव या दोन्ही गोष्टी आढळतात, त्या यामुळेच.

पंडिता रमाबाई : या परंपरेतील सर्वांत स्वतंत्र बुद्धीच्या विचारवंत म्हणजे ⇨ पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) होत. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची गरज त्यांनी प्रतिपादिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तथापि अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांची अधिसत्ता त्यांनी निमूटपणे मानली नाही. श्रद्धेच्या बाबतीत स्वतःच्या विवेकाने निर्णय करण्याचा हक्क आपणास आहे, ही त्यांची भूमिका तेथील पत्रव्यवहारातून स्पष्ट होते. अमेरिकेत असताना १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील लोकस्थितीचे वर्णन करणारे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये निघाले.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले व पुढे पुण्यास हलविलेले शारदा सदन हे विधवांसाठी होते. तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, असे आश्वासन होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्यावर १८९३ मध्ये वाद उद्‌भवला. केसरीने प्रखर टीका केली आणि न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. सेवा व धर्मप्रसार यांची सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न या प्रसंगी इतक्या तीव्रतेने पुढे आला, की नंतरच्या प्रत्येक मिशनसंस्थेला त्यास उत्तर द्यावे लागले.

चालू घडामोडींवरील रमाबाईंच्या भाष्याचे उत्तम उदाहरण प्लेगच्या काळातील आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगनिवारणाच्या सक्तीच्या उपायांमुळे लोक त्रस्त झाले होते. इस्पितळात व विलगीकरणात ठेवलेल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेची हेळसांड होते, अशी टीका त्यांनी बाँबे गार्डियन या मुंबईच्या ख्रिस्ती पत्रात पत्र लिहून केली. तिची दखल ब्रिटिश पार्लमेंटमध्ये घेतली गेली. मुंबई सरकारने मात्र त्यांचे म्हणणे नाकारले. राज्यकर्ते स्वधर्मीय आहेत म्हणून त्यांच्या कारभारातील अन्यायाकडे डोळेझाक करावयाची नाही, हे तत्त्व येथे आचरणात आलेले दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून व १९०० च्या सुमारास गुजरातमधून त्यांनी निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथील मुक्तिसदनात त्यांना आश्रय, शिक्षण व उद्योग दिला. तेथील आश्रितांची संख्या सु. दोन हजारांपर्यंत पोहोचली होती. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले.

दुष्काळ, धर्मांतर आणि जात : १८७६–७८ च्या दुष्काळात व त्यानंतर अहमदनगर आणि शेजारच्या भागांत महार व मांग समाजांतील लोकांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत उभारली. ही धर्मांतरे अन्नासाठी झाली, असा आक्षेप घेण्यात आला. त्यात तथ्यांश असला, तरी तो पुरेसा नाही. भुकेबरोबरच शाळा, औषधोपचार, गावच्या अधिकाऱ्यांपुढे आपली बाजू मांडणारा कोणीतरी माणूस आणि मुख्य म्हणजे माणूस म्हणून मिळणारी वागणूक यांचे आकर्षण होते. अन्न व प्रतिष्ठा या दोन गरजा उपाशी व अस्पृश्य माणसाच्या जीवनात वेगळ्या करता येत नाहीत.

मिशनच्या मंडळीत प्रवेश करताना जातिभेद सोडणे ही अट असे. प्रत्यक्षात जात सहजासहजी सुटली नाही. खेड्यात धर्मांतरिताचे घर गावकुसाबाहेरच राहिले. अनेकांकडे वतनाची परंपरागत कामे चालू राहिली. आणि सवर्णांच्या दृष्टीने तो पूर्वीच्याच जातीचा राहिला. ख्रिस्ती समाजातही विवाहसंबंध बहुधा मूळ जातीतच होत. वसईच्या कॅथलिकांत सामवेदी, वाडवळ, कोळी इ. गटांची वेगळी ओळख टिकून राहिली. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात सोवळ्याओवळ्याचा संस्कार मनातून कसा हळूहळू गळून पडला, याचे प्रांजळ वर्णन आहे. धर्मग्रंथातील समतेचे वचन आणि स्वयंपाकघरातील आचार यांतील अंतर किती मोठे असते, हे कोणत्याही प्रबंधापेक्षा त्यावरून अधिक चांगले कळते.

ना. वा. टिळक व राष्ट्रीय आंदोलन : नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाच्या संपादनाची धुरा त्यांच्याकडे आली. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. भजन, कीर्तन व अभंग या वारकरी परंपरेतील प्रकारांचा त्यांनी उपासनेत अवलंब केला. एतद्देशीय ख्रिस्ती माणूस मिशनचा पगारी सेवक राहील, तोवर त्याला स्वतःचा आवाज लाभणार नाही, या जाणिवेतून १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सर्वांना मोकळा असा ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा प्रयत्न केला. हा उपक्रम त्यांच्या निधनामुळे अपुरा राहिला.

याच विचाराची पुढची पायरी ख्रिस्त सेवा संघात दिसते. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे स्थापन केलेला व नंतर पुण्यास गेलेला हा आश्रम भारतीय राहणीचा पुरस्कर्ता होता. १९२७ मध्ये या संघात आलेले व्हेरिअर एल्विन गांधीजींच्या प्रभावाखाली आले व त्यांनी सविनय कायदेभंगाच्या काळातील सरकारी दडपशाहीवर टीका केली. १९३२ मध्ये एल्विन व त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे हे मध्य प्रांतातील गोंडांमध्ये कार्य करण्यासाठी गेले. शामरावांचे बंधू भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाडा येथे कामगारवस्तीत शेजारकेंद्र चालविले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आलेल्या शिक्षणसंस्थेचे ते पहिले संचालक होत. दानधर्मापेक्षा समाजस्थितीचा पद्धतशीर अभ्यास व प्रशिक्षित कार्यकर्ता यांवर भर देण्याची दृष्टी या कार्यातून आली. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने (१९०६) प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने हेच क्षेत्र निवडले होते, हे येथे लक्षात घ्यावे. मिशनच्या कार्याने इतर सुधारकांत निर्माण केलेली स्पर्धाही समाजास उपकारक ठरली.

स्वातंत्र्योत्तर काळ : संविधानाने धर्मस्वातंत्र्य मान्य केले, तथापि धर्मांतराविषयीचा संशय कायम राहिला. विदर्भाचा समावेश असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेश राज्याने १९५४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाने मिशनांच्या परकीय निधीवर व धर्मप्रसाराच्या पद्धतींवर कठोर टीका केली. ख्रिस्ती संस्थांना स्वावलंबन व देशी नेतृत्व यांचा विचार अधिक निकडीने करावा लागला, हा या वादाचा एक परिणाम होय. १९७० मध्ये नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अस्तित्वात आली.

कॅथलिक परंपरेत पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये काढलेल्या परिपत्रकात कामगाराचे वेतन, संघटनेचा हक्क व मालमत्तेची सामाजिक जबाबदारी यांची चर्चा होती. महाराष्ट्रात या विचाराचा प्रसार हळूहळू झाला. जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेले निरोप्या आणि वसईचे सुवार्ता ही त्याची मराठी वाहने होत. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईस आले असता, शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग जगातील गरिबांसाठीच्या निधीस द्यावा, असे आवाहन त्यांनी तेथून सर्व राष्ट्रांना केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) इतर धर्मांशी संवाद आणि जगाच्या सुखदुःखांशी समरसता या भूमिका स्वीकारल्या. पुण्यातील स्नेहसदन या संस्थेतून मॅथ्यू लेडर्ले यांनी महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनाचा अभ्यास व आंतरधर्मीय संवाद चालविला. अहमदनगर जिल्ह्यात स्विस जेझुइट हर्मन बाखर यांनी शेतकऱ्यांत काम करताना, दुष्काळात धान्य वाटण्यापेक्षा पडणारे पाणी शिवारात अडविणे अधिक न्याय्य आहे, या दिशेने पाणलोट विकासाचे कार्य केले. त्यातून १९९३ मध्ये जलसंधारणाचे काम करणारा स्वतंत्र न्यास उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात दुष्काळ ही दयेस आवाहन करणारी आपत्ती होती. आता तिच्या कारणांवर इलाज करणे हे धर्मकर्तव्य ठरले.

दलित ख्रिस्तींचा प्रश्न : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये येवले येथे धर्मांतराची घोषणा केल्यावर ख्रिस्ती समाजापुढे आत्मपरीक्षणाचा प्रसंग आला. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीची चिकित्सा करणारे आंबेडकरांचे निबंध १९८९ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. मिशनांच्या शैक्षणिक व वैद्यकीय सेवेचे मोल मान्य करूनही, धर्मांतरिताच्या मनातील जातिभावना मिशनांनी नष्ट केली नाही आणि धर्मांतरितांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध संघटित लढा दिला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पापाची कल्पना व्यक्तीपुरती सीमित ठेवल्यामुळे समाजरचनेतील दोष नजरेआड होतो, हा त्यामागील मुद्दा ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या गाभ्याला भिडणारा आहे.

अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलित त्याबाहेर राहिले. १९८५ मध्ये सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांतरानंतरही पूर्वीची सामाजिक वंचितता तितक्याच तीव्रतेने टिकून असल्याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही, असे ठरविले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्माशी निगडित ठेवू नये, अशी शिफारस केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने या विषयावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. या मागणीत एक पेच आहे. सवलत मागताना ख्रिस्ती समाजाला आपल्यात जात असल्याचे कबूल करावे लागते, तर धर्मतत्त्व जात नाकारते. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानातून या पेचाला वैचारिक रूप दिले. धर्मशास्त्राची मांडणी उच्चवर्णीय तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत न करता दलितांच्या वेदनेच्या अनुभवातून व्हावी, या त्यांच्या प्रतिपादनातून दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राचा प्रवाह निर्माण झाला. त्याच दशकात तो अखिल भारतीय पातळीवर मान्यता पावला.

वसई व पर्यावरणाचा प्रश्न : फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या संपादनकाळात सुवार्ता हे धर्मप्रांताच्या मासिकाच्या मर्यादा ओलांडून सर्वधर्मीय वाचकांचे विचारपीठ झाले. वसईच्या हरित पट्ट्यातील बागायती जमिनींवर बांधकाम व्यवसायाचे आक्रमण होऊ लागले, विहिरींचे पाणी उपसून टँकरने विकले जाऊ लागले आणि त्यास गुंडगिरीची जोड मिळाली. तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारा लोकांना संघटित केले. या आंदोलनात ख्रिस्ती, हिंदू व मुस्लिम असे सर्व धर्मांचे लोक सहभागी झाले. येथे धर्मांतराचा मुद्दाच उरला नव्हता. जमीन, पाणी व निर्भय नागरी जीवन हे सर्वांचे समान प्रश्न होते. दिब्रिटो यांच्या सुबोध बायबल या ग्रंथास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू होत. त्यांच्या निवडीस काही संघटनांनी विरोध केला होता, हे ध्यानात घेतल्यास मराठी समाजाच्या स्वीकाराचे व संकोचाचे एकाच वेळी दर्शन घडते.

ठाणे जिल्ह्याचा नागरी पट्टा : वसईचा समाज भूमीशी निगडित, तर मध्य रेल्वेवरील कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील ख्रिस्ती वस्ती मुख्यतः स्थलांतरातून वाढलेली आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उल्हासनगर उभे राहिले. अंबरनाथला शस्त्रास्त्र कारखाना व इतर उद्योग आले आणि बदलापूर हे औद्योगिक वसाहतीचे व मुंबईस रोज जा-ये करणाऱ्या नोकरदारांचे गाव बनले. केरळ, गोवा, तमिळनाडू व महाराष्ट्राच्या अंतर्भागातून आलेली ख्रिस्ती कुटुंबे येथे शेजारी राहू लागली. लॅटिन विधीचे कॅथलिक मुंबई महाधर्मप्रांताखाली येतात, तर सीरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. प्रॉटेस्टंट मंडळ्याही आहेत. उपासनेच्या भाषा अनेक असल्यामुळे येथील समाजास बांधणारे एकच मराठी पत्र नाही. घरांची टंचाई, रेल्वेची गर्दी, कंत्राटी मजुरी, उल्हास व वालधुनी या नद्यांचे औद्योगिक सांडपाण्याने झालेले प्रदूषण हे प्रश्न मात्र सर्वांचे एकच आहेत. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकाने पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकच असल्याचे प्रतिपादिले. त्याचा अर्थ शोधण्यास हा पट्टा वसईइतकाच योग्य आहे. ज्यांना गावच्या शिवाराचा आधार नाही, अशा नागरी श्रमिकांविषयीचे मराठी ख्रिस्ती लेखन अद्याप विरळ आहे.

याच पट्ट्याच्या दक्षिणेस असलेल्या तळोजा कारागृहात झारखंडमधील आदिवासींत कार्य करणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० पासून ठेवण्यात आले होते. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढे प्रलंबित असताना ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतील रुग्णालयात वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपांची न्यायालयात शहानिशा झाली नाही. कच्च्या कैद्यांचे हक्क व राज्यसंस्थेची जबाबदारी यांवर त्यानंतर जी चर्चा झाली, तीत ख्रिस्ती धर्मगुरूंइतकाच इतर नागरिकांचाही वाटा होता.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील ख्रिस्ती सामाजिक चिंतनाच्या मर्यादा उघड आहेत. पहिल्या पर्वात परधर्मनिंदेने त्याची विश्वासार्हता कमी केली. ब्रिटिश सत्तेविषयीच्या कृतज्ञतेमुळे त्या सत्तेच्या शोषणाकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले. आणि समाजातील नेतृत्व दीर्घकाळ परदेशी मिशनरी व उच्चवर्णीय धर्मांतरित यांच्या हाती राहिले. ज्यांची संख्या मोठी होती, त्या दलित ख्रिस्तींना स्वतःच्या मंडळीत बोलण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची वाट पाहावी लागली.

याउलट, या चिंतनाच्या श्रेष्ठ क्षणांत एक समान लक्षण आढळते. मुक्ताबाईंचा निबंध छापणारे पत्र, प्लेगच्या काळात सरकारला जाब विचारणाऱ्या रमाबाई, मिशनची नोकरी सोडणारे टिळक, स्वतःच्या धर्मशास्त्रालाच प्रश्न विचारणारे निर्मळ आणि वसईत सर्वधर्मीयांसह रस्त्यावर उतरलेले दिब्रिटो, या सर्वांनी स्वतःच्या संस्थेचे किंवा समाजाचे तात्कालिक हित बाजूस ठेवून न्यायाचा पक्ष घेतला. जेव्हा असे घडले तेव्हा या विचारास ख्रिस्ती समाजाबाहेर मान्यता लाभली. जेव्हा तो आपल्या पंथाच्या संरक्षणापुरता मर्यादित राहिला तेव्हा त्याचा प्रभाव ओसरला. गावकुसाबाहेरच्या माणसाचा धर्म कोणता, या १८५५ मध्ये ज्ञानोदयात विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर अद्याप आयोग व न्यायालये यांच्यासमोर आहे. त्याचे सामाजिक उत्तर मात्र प्रत्येक मंडळीला आपल्या वस्तीत, विवाहसंबंधांत व पंगतीत द्यावयाचे आहे.